मदत हवी आहे: "माद्या जास्त, तर अंडी जास्त!" याला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, मुलं १९. समुद्र शाळेपासून चालत दहा मिनिटांवर.

हवामान बदलाचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे गेल्या वर्षी बर्फावरचं पांढरं अस्वल दाखवून शिकवलं. मुलांनी चित्र छान रंगवलं आणि विसरून गेली. म्हणून यंदा आपल्या पुळणीवरचं कासवच घेतलं. कासवमित्र (कासवं जपणारे गावातले लोक) अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणात, कशी ठेवतात ते निम्म्या वर्गाने पाहिलंय, एकाचा तर काकाच ते काम करतो.

सांगितलं ते असं. ऑलिव्ह रिडले या आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवाची मादी रात्री येते, दीडेक फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढे उबवायचं काम वाळूचं. पिल्लू नर की मादी, तेही वाळूच ठरवते. ३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, वाळू गार असली तर नर जास्त, तापली तर माद्या. फारच तापली तर पिल्लं अंड्यातच मरतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ बेटांच्या रांगेच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या होत्या, हेही सांगितलं.

तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग चांगलंच की! माद्या जास्त, तर अंडी जास्त!" वर्ग हसला. मी "उद्या सांगते" म्हणून सुटले. त्या 'उद्या'ला आज चार दिवस झाले.

दुसरं, एका मुलीने हळूच विचारलं, "आमच्या चुलीमुळे होतं का हे?" मला पटकन काही सुचलंच नाही.

आणि वाळूचं तापमान मोजून दाखवावं म्हणून घरचा ताप बघायचा थर्मामीटर वाळूत खुपसला. त्याने नुसतं 'लो' दाखवलं. हसू नका.

खाडीकाठ
बाई, पोरगा निम्मा बरोबर आहे, तसं त्याला सांगा. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, त्यामुळे सुरुवातीला अंडी वाढूही शकतात. मग त्याला विचारा, घरी कोंबडा नसेल तर खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांचं काय होतं? गावातल्या मुलाला याहून जास्त सांगावं लागणार नाही. फक्त एवढं जोडा की कोंबडीचं तीन आठवड्यांत कळतं. कासवाचं पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तोवर नर कमी पडलेत हे किनाऱ्यावर कोणाला दिसत नाही.
चुलीचं मात्र स्पष्ट "नाही" सांगा. जगभरात दीडशेहून जास्त वर्षं जाळलेला कोळसा, तेल आणि गॅस हे मुख्य कारण. तिच्या आईच्या भाकरीवर ते घालू नका.

वाळूतली रेघ
ताप बघायचा थर्मामीटर माणसाच्या अंगासाठी असतो, तेवढी गरम वाळू दीड फुटावर सहसा नसते. जवळच्या हायस्कुलातून प्रयोगशाळेतला काचेचा मागून आणा. दोन खड्डे खणा, एकावर नारळाचा झाप टाका, दुसरा उन्हात. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी एकाच वेळी मोजा आणि आकडे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. हॅचरीवर सावली का करतात ते मग आपोआप कळेल. काच जपा, मुलांच्या हातात देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. चुलीवाली आज मधल्या सुट्टीत खुशीत होती. झाप मिळाला, खड्डे सोमवारी.
कोंबडा मात्र अंगाशी आलाय. तोच पोरगा आता विचारतो, "बाई, मग शंभर माद्यांना नर किती पुरे?"