मदत हवी आहे: प्रमुख जिल्हा मार्गावरच्या पुलासाठी निधी कोणत्या शीर्षाखाली मागायचा?

आमच्या तालुक्यातला प्रमुख जिल्हा मार्ग राज्य महामार्गाला मिळतो. मधला पूल बुटका आणि एकेरी आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते ती वेगळीच. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे, जिल्हा परिषदेकडे नाही, हे रस्त्याच्या क्रमांकावरून तपासलंय.

ग्रामसभेचा ठराव झाला, उपविभागात निवेदन दिलं, आमदारांचं शिफारसपत्रही जोडलं. लेखी उत्तर एका ओळीचं: 'निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही.' म्हणजे काहीच नाही. खड्डे बुजवून मिळतात, पण आम्हाला नवा उंच पूल हवा आहे. भूसंपादन जवळजवळ लागणार नाही. पुलाच्या खर्चाचं अंदाजपत्रक अजून झालेलं नाही.

नाबार्डचं ग्रामीण पायाभूत सुविधा कर्ज, केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी (सीआरआयएफ) की राज्याचा अर्थसंकल्प, यांपैकी अशा पुलासाठी प्रत्यक्षात काय मिळतं? जिल्हा नियोजन समितीच्या पैशात एवढं काम बसेल असं वाटत नाही. बांधकाम खात्यात काम केलेल्यांनी कृपया सांगावं: मार्चच्या अर्थसंकल्पात नाव यायचं असेल तर विभागाकडून प्रस्ताव साधारण कधी वर जातो, आणि त्याआधी वाहतूक गणना व अंदाजपत्रक तयार असावंच लागतं का?