हॉस्टेल सांभाळण्यात अख्खी नोकरी काढलेलं कोणी आहे का इथे?

निळू_परभणीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स झालंय, नंतर एका संस्थेत प्रोजेक्टवर होतो, फंडिंग संपलं तसा प्रोजेक्टही संपला. आता पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात असिस्टंट रेक्टरची ऑफर आहे. मुलांचं हॉस्टेल, तिथेच राहायचं, क्वार्टर देणार म्हणतात. बाबांचं म्हणणं, पोरांच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायला एवढा शिकलास का. लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोची कॅम्पसवर राहायला ना नाही पण ती म्हणते पन्नाशीतही हेच करणार का ते आधी ठरव. माझा प्रश्न तोच. ह्यात करिअर असतं का? वीस-तीस वर्षं हेच केलेला माणूस शेवटी कुठे पोचतो? आणि रोज नक्की काय करावं लागतं, कारण इंटरव्ह्यूत स्टुडंट वेलफेअर वगैरे बरंच बोलले पण बिल्डिंग दाखवायला आलेला माणूस सारखा सीसीटीव्हीच दाखवत होता.

फुकट_पाहुणा

मी ह्या गोष्टीतला व्हिलन आहे त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे. पुण्यात एमए संपल्यावर एमपीएससीसाठी मित्राच्या रूमवर पॅरासाइट म्हणून राहिलो. कॉटवर ऑफिशियल माणूस, खाली गादी टाकून आपण, सकाळी गादी गुंडाळून कॉटखाली. रेक्टर म्हणजे कुठल्यातरी डिपार्टमेंटचे प्रोफेसर, आज हे तर दोन वर्षांनी दुसरे, त्यांना आमचे चेहरे पाठ व्हायच्या आत ते सुटायचे. पण ऑफिसात एक क्लार्क काका होते. माझं नाव कुठल्याच लिस्टवर नव्हतं तरी ते मला आडनावाने हाक मारायचे!! सगळं हॉस्टेल त्यांच्या डोक्यात. त्यामुळे माझं मत, रेक्टर होऊ नकोस, क्लार्क हो. बाकी जाणकार सांगतीलच. अण्णा कुठायत?

अण्णा_निवृत्त

आलो आलो. नातवाला शाळेत सोडून यायचं होतं.

निळू, फुकट_पाहुणा चेष्टेत बोलला पण खरं बोलला. सरकारी विद्यापीठात हॉस्टेलचं वेगळं केडरच नसतं. रेक्टर हा प्राध्यापक, अतिरिक्त कार्यभार म्हणून येतो, थोडा भत्ता मिळतो आणि मुदत संपली की सुटला म्हणून पेढे वाटतो. आम्ही शिक्षकेतर. मी ८८ साली कनिष्ठ लिपिक लागलो आणि वर्षभरात हॉस्टेलला टाकलं, तेव्हा ही शिक्षेची बदली समजायचे कारण परीक्षा विभागात रिमुनरेशन आणि इथे काय तर तुंबलेले संडास. प्रमोशन झालं की दुसऱ्या विभागात जावं लागतं. मी दोनदा गेलो आणि दोनदा विनंती अर्ज करून परत आलो, लोकांना वाटलं ह्याचं काहीतरी खायचं साधन असणार. शेवटी वसतिगृह अधीक्षक म्हणून निवृत्त. म्हणजे शिडी नाहीच, आश्वासित प्रगती योजनेत पगार चढतो, खुर्ची तीच. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला म्हणून जुनी पेन्शन मिळते एवढं सुख. तुझं खाजगी आहे, तिथे हा विषयच नाही, पीएफ नीट कापतात का तेवढं बघ.

आता काम काय. मुख्य काम एकच, जागा वाटणे. जून ते ऑगस्ट. अर्ज हजारांनी आणि कॉट शेकड्यांनी. मेरिट, प्रवर्ग, शहराच्या हद्दीतला आहे की बाहेरचा, हे सगळं नियमात लिहिलेलं असतं, तरी यादी लागायच्या आदल्या आठवड्यात चिठ्ठ्या सुरू होतात. आमदारांचा पीए, नगरसेवक, संघटनेचे दादा, आणि खुद्द विद्यापीठातलेच लोक, ते तर चिठ्ठीही देत नाहीत, चहाला बोलावतात. ह्यावर मी एक करायचो. येईल त्या चिठ्ठीला आवक नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, फाइलला लावायची आणि पोच घेऊन जा म्हणायचं. वाद नाही, नकार नाही. पण चिठ्ठी रेकॉर्डवर जाते म्हटल्यावर पुढच्या वर्षी निम्म्या कमी झाल्या. ज्याला खरंच गरज असायची त्याला मीच सांगायचो बाबा चिठ्ठी आणू नकोस, उत्पन्नाचा दाखला आण. आणि इथे नंबर नाही लागला तर समाजकल्याणच्या हॉस्टेलचा आणि स्वाधारचा, म्हणजे हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांना पैसे देणाऱ्या योजनेचा फॉर्म भर. पोरांना ह्या योजना माहीतच नसतात, क्लार्कने दोन मिनिटं बोललं तर पोराचं वर्ष वाचतं.

उरलेले महिने पाणी, वीज, ढेकूण आणि पॅरासाइट. हे चारही एकच प्रश्न आहे हे कळायला वेळ लागला. टाकी रोज नऊपर्यंत पुरते आणि एका आठवड्यात साडेसातलाच संपायला लागली तर प्लंबरला बोलवायच्या आधी माणसं मोजायची. रात्री नऊच्या सुमाराला एकाच विंगचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की वीज तोडणारा खटका पडतोय तर तिथे इंडक्शन आणि कॉइल एकदम चालू आहेत, म्हणजे तिथे स्वयंपाक होतोय, म्हणजे तिथे मेस न परवडणारी किंवा मेसला नाव नसलेली पोरं आहेत. चेकिंगला जाऊन मी काही कुणाची गादी रस्त्यावर फेकली नाही. पण ज्याचा कोर्स संपून दोन वर्षं झाली आणि अजून कॉट सोडत नाही त्याच्यामुळे खाली एखादा पोरगा एसटी स्टँडवर झोपतोय हेही मला दिसत होतं. अशा वेळी नोटीस, मग दुसरी नोटीस, मग त्याच्या कुलपावर ऑफिसचं कुलूप, आणि तरी आला नाही तर दोन साक्षीदार घेऊन पंचनामा. पंचनाम्यात सगळं लिहायचं, कुकर एक, बिनदांड्याचा तवा एक, लोकसेवेची पुस्तकं अमुक, चार्जर, देवाचा फोटो. घाई करून सामान बाहेर काढलं आणि यादी नसली की पोरगा म्हणतो माझे पंचवीस हजार होते कपाटात, मग बस कोर्टाच्या चकरा मारत. आणि प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहून घ्यायचं की ही भाडेकरूची जागा नाही, मुदतीची परवानगी आहे.

रजिस्टरला कधी हसू नकोस. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्री पहाटे. आमच्याकडे औसा-उमरग्याकडची पोरं बरीच. ऑफिसात एकच फोन आणि तोही लागत नव्हता. प्रवेशाच्या रजिस्टरला गाव-तालुका असा रकाना होता जो भरायला आम्ही सगळेच कंटाळा करायचो. त्या सकाळी मी आणि रात्रीचा वॉचमन तो रकाना बघत बघत खोल्यांवर गेलो, कोण कुठल्या गावचा. काही पोरांना रेडिओवर कळायच्या आधी आम्हीच उठवलं. वर्गणी काढली आणि मिळेल त्या गाडीने पाठवलं. त्यातले काही परत आले ते डोकं भादरूनच. फी कुणी मागितली नाही, रेक्टर सरांनी तोंडी सांगितलं आणि मी तसं टिपण लिहून सही घेतली, कारण ऑडिटवाला तीन वर्षांनी येतो आणि त्याला भूकंप आठवत नसतो.

मोबाइल आल्यावर काम बदललं ते वेगळंच. यूजीसीचे रॅगिंगचे नियम २००९ ला आले, आपल्याकडे राज्याचा कायदा १९९९ पासूनच होता पण तो कुणी वाचला नव्हता. नवीन नियमांत वॉर्डनने कुठल्याही वेळी फोनवर उपलब्ध असलं पाहिजे असं आलं, पहिल्या वर्षाच्या पोरांना वेगळं ठेवा आलं, पोराचं आणि पालकांचं शपथपत्र आलं. चांगलंच झालं, आधी जे चालायचं ते मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवसापासून जेवताना फोन ताटाशेजारी तो निवृत्तीपर्यंत.

करोनाचं थोडक्यात. मार्च २०२० ला पोरं आठ दिवसांची बॅग घेऊन गेली आणि नंतर प्रशासनाने इमारत क्वारंटाइन सेंटरला घेतली. शेकडो खोल्यांचं सामान हलवायचं होतं, व्हिडिओ कॉलवर पोराला समोर ठेवून कुलूप तोडायचं आणि तो सांगेल तसं पोत्यात भरायचं. सर ती निळी वही नका टाकू, सर कपाटाच्या मागे बघा. पीपीई किट घालून मी लोकांच्या निळ्या वह्या शोधल्यात.

मुक्ता_नांदेड

अण्णांचं मुलांचं झालं, मुलींच्या हॉस्टेलवर वेगळीच तऱ्हा असते. मी सध्या लेडीज हॉस्टेलला अधीक्षक आहे. पाणी-वीज आम्हालाही आहे पण निम्मा दिवस वेळ आणि पालक ह्यात जातो. मुलांचं गेट रात्री उघडं आणि मुलींचं साडेआठला बंद, का, तर सुरक्षितता. यूजीसीच्याच २०१३ च्या 'सक्षम' नावाच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेच्या नावाखाली मुलींना भेदभावाचे नियम लावू नका. मी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला तर एक सदस्य म्हणाले मॅडम तुमची जबाबदारी वाढेल बघा. वाढू दे की. शेवटी लायब्ररी आणि लॅबसाठी लेट पास अकरापर्यंत करून घेतला, आणि तेव्हापासून खोटी कारणं सांगून बाहेर जाणं कमी झालं असं माझं निरीक्षण आहे, खरी जागा लिहून जातात आता.

पालक फोन करतात, मॅडम ती कोणाशी बोलते बघा. मी सांगते, ती आजारी पडली तर रात्री दोनला मी रिक्षा काढीन, पण हे काम माझं नाही. नाराज होतात. काही जण नंतर मुलीच्या लग्नाची पत्रिका पण पाठवतात हो, असंही नाही.

निळू, सुट्टीबद्दल आवर्जून विचारा. उन्हाळ्यात हॉस्टेल रिकामं होतं आणि चार-पाच जण मागे राहतात, पेपर असतो, इंटर्नशिप असते, कुणाला घरीच जायचं नसतं. जून २०२३ ला मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या हॉस्टेलमध्ये मजल्यावर एकट्या राहिलेल्या विद्यार्थिनीचा खून झाला ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे त्यानंतर नियम एकच, मजल्यावर कुणी एकटी राहायची नाही, उरलेल्या सगळ्यांना खालच्या मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्या, आणि बाई कर्मचारी रात्री तिथेच. मुलांनाही लागू करा हे. एकटा उरलेला मुलगा हा मला गेटवरून उशिरा येणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. जो मेसला यायचा बंद झालाय, ज्याचे कपडे दोरीवर दिसत नाहीत, तो बघायचा. कोटामध्ये २०२३ ला पोरांच्या आत्महत्या थांबवायला पंख्यांना स्प्रिंग लावा म्हणून आदेश निघाला, लावा ना, पण मेसवाल्या मावशींना विचारलं तर त्या आठ दिवस आधी सांगतात कोण जेवत नाही ते. तुमचं एमएसडब्ल्यू इथे उपयोगाला येईल, किल्ल्यांमध्ये नाही. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येक मजल्यावर लावून ठेवा.

ओहायोकर

इकडचं सांगतो, तुलना म्हणून. मी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत हाउसिंगमध्ये आहे, विद्यार्थी म्हणून आलो, फुकट खोली मिळते म्हणून रेसिडेंट असिस्टंट झालो आणि तिथेच चिकटलो. इकडे हा रीतसर पेशा आहे. आरए, मग हॉल डायरेक्टर, मग एरिया कोऑर्डिनेटर, असिस्टंट डायरेक्टर, डायरेक्टर. हॉल डायरेक्टरला बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं, त्याचे वेगळे कोर्सेस आहेत. हाउसिंगवाल्यांची संघटना आहे अकुहो-आय नावाची, तिची पहिली परिषद १९४९ ला इलिनॉय विद्यापीठात झाली, म्हणजे युद्धावरून परत आलेल्यांच्या गर्दीने कॉलेजं भरली होती त्या काळात. त्यामुळे पन्नाशीत हेच करतोस का असं कोणी विचारत नाही.

पण तिथेच राहायची नोकरी लोक इकडेही चार-पाच वर्षांतच सोडतात. रात्री तीनला फायर अलार्म, कुणीतरी पॉपकॉर्न जाळलेला असतो, आणि बर्फात पायजम्यावर चारशे पोरं बाहेर उभी. फरक एवढाच की ड्यूटी फोन आळीपाळीने फिरतो, आठवड्याची पाळी असते, पाळी नसेल तर तुम्ही फोन उचलायचा नसतो. अण्णांनी ताटाशेजारी फोन ठेवला ते वाचून वाईट वाटलं खरं. आणि पालकांचं म्हणाल तर १९७४ चा फर्पा कायदा आहे, मुलाच्या परवानगीशिवाय त्याच्या रेकॉर्डबद्दल साधारणपणे आईबापांनाही सांगता येत नाही. देशी पालक फोन करतात तेव्हा हे मराठीत समजावणं मलाच करावं लागतं, एका काकांनी मला माझ्या वडिलांचं गाव विचारलं होतं.

निळू_परभणीकर

अण्णा, मुक्ताताई, ओहायोकर, खरंच आभार. मी आज एचआरला फोन करून सुट्टीचं विचारलं तर म्हणाले वीकली ऑफ आहे पण 'म्युच्युअल अंडरस्टँडिंगने'. असिस्टंट रेक्टर दोन आहेत पण दुसरी जागा सध्या रिकामी आहे. अण्णा, हो म्हणायच्या आधी अजून काय विचारू?

अण्णा_निवृत्त

दुसरी जागा रिकामी म्हणजे दोघांचं काम तुझ्याकडे आणि ती जागा मार्चपर्यंत भरणार नाहीत, हे गृहीत धर. वीकली ऑफचा वार ऑफर लेटरवर लिहून घे, आणि त्या दिवशी रात्रीचा फोन कोणाकडे हेही. क्वार्टरला स्वतःचं बाहेरचं दार आहे का बघ, हॉस्टेलच्या पॅसेजमधून जायचं असेल तर बायकोला ते आत्ताच दाखव. क्वार्टर दिलं की घरभाडे भत्ता जातो, तेव्हा पगाराचा आकडा तो धरून सांगितलाय की सोडून ते विचार. नोकरी सोडली किंवा त्यांनी काढलं तर घर किती दिवसांत रिकामं करायचं, हे तर नक्कीच विचार, नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी गेलेली माणसं मी पाहिलीत. पोरांकडून दंड वसूल करायचं काही टार्गेट आहे का तेही विचार, खाजगीत असतं म्हणतात. असेल तर नको.

फुकट_पाहुणा

आणि भावा पगार किती देतायत ते तू अजून सांगितलंच नाहीस

निळू_परभणीकर

सोमवारी भेटायला बोलावलंय, लेटरवर काय काय लिहून देतात बघतो आणि इथेच टाकतो. पगाराचं व्यनि (खासगी निरोप) करतो, इथे बाबा पण वाचतात.