घरच्या बागेतली तिखट मिरची : अनुभव लिहा

रोपवाटिका
टोमॅटोच्या धाग्यावर मिरचीच्या फूलगळीचा प्रश्न निघाला आणि मागे पडला. म्हणून हा वेगळा धागा. सुरुवात बियांपासून करते. हबनेरो, भूत जोलोकिया अशा जहाल मिरच्या उगवायला २ ते ४ आठवडे घेतात, कधी जास्तच. साध्या मिरचीच्या हिशोबाने आठवड्यात माती उकरून बघू नका, कोंब मोडतो. माती २५ ते ३० अंश उबदार, बी अर्धा ते एक सेंमी खोल, वर नुसता ओलावा. चिखल झाला की रोप बुडाशी काळं पडून कोलमडतं. ४-६ खरी पानं (पहिली दोन बीजपानं सोडून) आली की मोठ्या कुंडीत हलवा.

गच्चीवाली
फूलगळ = बहुतेक वेळा उष्णता. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही २४ च्या खाली येत नसेल तर फूल टिकत नाही. दुपारपुरती शेडनेट लावा. दुसरं कारण जास्तीचं नत्र (नायट्रोजन). झाड उंच, पानं गर्द हिरवी आणि फळ नाही? युरिया, कोंबडीखत बंद, पालाश (पोटॅश) द्या.

माळीबुवा
पानं वळतात त्याबद्दल कुणीच नाही लिहिलं! कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स). खाली वळून पान अरुंद, देठ लांब झाला तर कोळी (माइट्स, अगदी बारीक कीड). औषध वेगळं!! फुलकिड्यांना निंबोळी तेल ५ मिली + पातळ साबण १ मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी, पानांच्या खालून. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, २ ग्रॅम लिटरला. तेल आणि गंधक यांत किमान २ आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं जळतात. कडक उन्हाच्या दिवसांत गंधक नकोच.

चिऊ२
आणि बोकड्या, तो पानं आखडण्याचा रोग?

माळीबुवा
तो विषाणू. पांढरी माशी पसरवते. झाड बरं होत नाही, उपटून टाका. जीव तुटतो पण शेजारची वाचतात.

ओंजळ
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. फळाचं टोक काळं, मऊ पडतं तेव्हा लोक अंड्याची टरफलं टाकतात. ती कुजायला कित्येक महिने लागतात! मातीत कॅल्शियम बहुधा असतंच, पाणी अनियमित असलं की ते फळापर्यंत पोचत नाही. वरचा इंचभर थर सुकला की भरपूर पाणी, आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन.

चिऊ२
ढोबळीशेजारी लावली तर ढोबळी तिखट होते म्हणतात ना?

रोपवाटिका
या वर्षीचं फळ नाही होत, चिऊ. परागाचा परिणाम बियांत उतरतो, म्हणजे ते बी पेरलं तर पुढच्या झाडात दिसेल. बी ठेवायचं असेल तर कळी उमलण्याआधीच तलम कापडाची पिशवी बांधा, रोज फांदी हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा.

गच्चीवाली
+१. आणि तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्यात असतो. बी काढताना हातमोजे हवेतच.

ओंजळ
हात भाजले तर आधी खायचं तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने जात नाही, आणि तोवर डोळ्यांना हात नको. शिट्ट्या झाल्या, येते.