अंगावरचे केस काढताना काय काय झालं? (अनुभव धागा, बडोदेकरांसाठी खास)

दांडियाबाजारवाली:
नवरात्र तोंडावर आलंय. भाची विचारत होती, "मावशी, चणियाचोळीची पाठ उघडी आहे, आदल्या दिवशी फुल बॅक वॅक्स करू ना?" मला कॉलेजातली मैत्रीण आठवली. वॅक्स करून तशीच गरब्याला आली. पाठभर लाल पुटकुळ्या, टोकाला पिवळा ठिपका आणि त्यावर चोळीची नाडी घासतेय. अर्ध्यातून घरी आणलं तिला. केस मुळासकट उपटला की त्याची पिशवी उघडी पडते, त्यात आपल्याकडचा घाम आणि मैदानातली धूळ. डॉक्टर फॉलिक्युलायटिस म्हणाले, म्हणजे केसांच्या पिशव्यांना आलेली सूज. भाचीला सांगितलं, करायचंच तर दोन-तीन दिवस आधी कर, नंतर सैल सुती कपडे घाल. तुमचेही अनुभव लिहा. या गोष्टी बोलल्या जात नाहीत म्हणून पोरी गुपचूप सोसतात.

मांडवी_मनू:
काख. वॅक्सनंतर लगेच डिओ. रात्रभर हात वर करून झोपले. बस.

रावपुरेकर:
आमचे बाबा नाकातले केस चिमट्याने उपटायचे. त्यात मधुमेह. एकदा शेंडा लाल होऊन टणक झाला, हात लावू देईनात. डॉक्टरांनी सांगितलं, नाक आणि वरच्या ओठाच्या शिरा आत कवटीतल्या शिरांना जोडलेल्या असतात, तिथलं गळू दाबायचं नाही. अँटिबायोटिकवर निभावलं. ते केस धूळ अडवायलाच असतात. बाहेर डोकावतात तेवढेच बोथट टोकाच्या कात्रीने कापा.

मांडवी_मनू:
रावपुरेकर, काका बरे ना आता? सयाजीबागेत दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत.

रावपुरेकर:
ठणठणीत. गुडघ्यामुळे फिरणं बंद आहे फक्त.

ओटी_सिस्टर:
ड्युटीवरून लिहितेय. ऑपरेशनआधी वस्तरा फिरवायचा जमाना गेला. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्याला न दिसणारे ओरखडे येतात, जंतू तिथेच बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय, केस काढूच नका, अगदी अडत असतील तर क्लिपर (केस कापायचं मशीन) वापरा. नॉर्मल बाळंतपणाआधीही खालच्या केसांचं सरसकट शेव्हिंग नको, असं २०१८ च्या शिफारशींत आहे. तरी बायका घरून ब्लेडने करून येतात, कापलेलं असतं, लाजेने सांगत नाहीत. बायांनो, नका करू. आम्ही कुणी नावं ठेवत नाही. तिथले केस घासण्यापासून कातडी वाचवतात.

सुमेधाची_आई:
बाळंतपणावरून आठवलं. बाळाची लव काढायला डाळीच्या पिठाचा गोळा फिरवतात ना, तेव्हा लेकीची पाठ लालभडक झाली. मी तिथेच थांबवलं, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पोटात असताना ती लव अंगावरचा पांढरा चिकट थर धरून ठेवते. जन्मानंतर काही आठवड्यांत आपली आपण गळते. बाळाला कशाला त्रास?

मांडवी_मनू:
अगदी!! आमच्याकडे अजून मालिशवाली ऐकत नाही.

अलकापुरी_अ:
बहिणीच्या मुरुमांच्या गोळ्या चालू होत्या, आयसोट्रेटिनॉइन. पार्लरमध्ये कुणी विचारलं नाही. ओठावरच्या पट्टीबरोबर कातडीच आली, साखरपुडा तोंडावर. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स नको, हे पार्लरमध्ये मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

कारेलीबागकर:
केमोत आईच्या भुवया, पापण्या गेल्या. डोक्याचे केस जाणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं, हे कुणी नाही. कपाळावरचा घाम सरळ डोळ्यात, जरा वारा आला की कचरा, सारखं पाणी. घरातही साधा चष्मा लावून बसायची. पापण्या परत आल्या त्या दिवशी आरसा घेऊन मला बोलावलं तिने. तेव्हापासून भुवयांना कुणी निरुपयोगी म्हटलं की मला राहवत नाही.

दांडियाबाजारवाली:
कारेलीबागकर, काकूंना नमस्कार सांगा. डोळे भरून आले वाचताना.

वाघोडियाहून:
लेकीच्या हनुवटीवर अचानक राठ केस. सगळे म्हणे थ्रेडिंग कर. पाळीही पुढे जात होती म्हणून डॉक्टरांना दाखवलं, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाचा आजार) निघालं. काढण्याआधी का आले ते बघा. आणि ब्लेडने केस दाट होतात म्हणून तिला घाबरवत होते, ते खोटं. १९२८ मध्येच तपासून झालंय. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खुंट टोचतो, एवढंच.

अलकापुरी_अ:
वाघोडियाहून, कुठल्या डॉक्टर? माझ्या नणंदेच्या मुलीला हवंय.

वाघोडियाहून:
व्यनि (खासगी निरोप) करते. कुकर उतरवून.