मदत हवी आहे: लैंगिकतेच्या इतिहासावर पीएचडी, अर्ज इतिहास विभागात

पीएचडी झाली आहे. विषय एकोणिसाव्या शतकातल्या फौजदारी खटल्यांमधून दिसणारी लैंगिकता. आता इतिहास विभागातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करायचाय. (जेंडर स्टडीजच्या जागाही बघतोय, पण त्या निघतातच मोजक्या.)

अडलंय ते संशोधन-निवेदनावर, म्हणजे अर्जासोबत आपल्या संशोधनाबद्दल द्यायच्या टिपणावर. मर्यादा दोन पानांची. एका मसुद्याची सुरुवात इतिहासकार जोन स्कॉट यांच्या १९८६च्या लेखापासून (इतिहासाच्या विश्लेषणात 'जेंडर' ही संकल्पना कशी उपयोगी पडते, यावरचा) केली, तर वाचणारे म्हणाले, "सिद्धांत कळला, दप्तरं कुठायत?" मग जबान्या, वैद्यकीय तपासणीचे अहवाल, साक्षीदाराने वाक्य अर्धवट सोडलं की कारकुनाने तिथे मारलेली रेघ, हे सगळं पुढे आणलं. त्यात लैंगिकता तोंडी लावण्यापुरती उरली. निवड समितीत बहुधा आर्थिक आणि राजकीय इतिहासवालेच असतील. मार्गदर्शक निवृत्त झालेत. त्यांच्या काळी असं निवेदन मागतच नसत.

शिवाय एक प्रकरण लेख म्हणून पाठवायचंय. 'जेंडर अँड हिस्टरी' आणि 'जर्नल ऑफ द हिस्टरी ऑफ सेक्शुअ‍ॅलिटी' ही दोन्ही नियतकालिकं डोळ्यासमोर आहेत. पुस्तकाचं नंतर बघू.

अशा समितीवर बसलेल्यांनी कृपया सांगावं: पहिल्या परिच्छेदात तुम्ही काय शोधता, साधनं की प्रश्न? आणि लेख अशा एकाच विषयाला वाहिलेल्या नियतकालिकात आला तर इतिहास विभागात तो कमी धरतात का?