मदत हवी आहे: एचडीआर व्हिडिओतला मेटाडेटा म्हणतो ९७६ निट्स, मी मोजतो तर ५८

नमस्कार मंडळी, (शीर्षकातला मेटाडेटा म्हणजे व्हिडिओसोबत फाईलमध्ये लिहिलेली माहिती, आणि निट्स हे उजेडाचं एकक.)

मामेभावाच्या लग्नाचे व्हिडिओ एकत्र करून मामा-मामींना पेन ड्राइव्हवर द्यायचे आहेत. शूटिंग दोन फोनांवर झालंय. वरात माझ्या फोनवर, एचडीआर१०प्लसमध्ये (एचडीआर व्हिडिओचा प्रकार, यात प्रत्येक फ्रेमची उजेडाची माहिती सोबत असते). हळद वहिनीच्या आयफोनवर. टीव्हीवर लावलं की वरातीत अख्खं चित्र मधूनच काळवंडतं आणि पुन्हा उजळतं. एलईडीची गाडी फ्रेममध्ये शिरली की हमखास. हळदीला असलं काही होत नाही.

टीव्हीचा उजेडाचा सेन्सर, वीजबचत वगैरे सगळं बंद करून पाहिलंय, त्यामुळे कृपया तिथून सुरुवात नको. आता फाईलमध्येच डोकं घातलं आहे.

मीडियाइन्फो (फाईलची माहिती दाखवणारं ॲप) वरातीच्या मूळ फाईलला 'एसएमपीटीई एसटी २०९४ ॲप ४' दाखवतो, म्हणजे एचडीआर१०प्लस. पण तो फाईलचा थोडाच भाग वाचून निकाल देतो, म्हणून एफएफप्रोबने फ्रेमनिहाय माहिती काढली. मूळ फाईलमध्ये प्रत्येक फ्रेमबरोबर २०९४-४०चं, म्हणजे एचडीआर१०प्लसच्या मेटाडेटाचं पाकीट आहे. एडिटरमधून रेंडर केलेल्या फाईलमध्ये मात्र एकाही फ्रेमवर नाही. तिथे फक्त स्थिर (अख्ख्या व्हिडिओला एकच) मेटाडेटा उरलाय, त्यातही मॅक्सएफएएलएल (फ्रेमच्या सरासरी उजेडाची कमाल) आणि मॅक्ससीएलएल (सर्वांत उजळ पिक्सेल) दोन्ही शून्य.

मग मूळ फाईलमधला मेटाडेटा एचडीआर१०प्लस टूलने जेसनमध्ये काढला. गाडी जवळ आलेली एक फ्रेम घेतली: सगळीकडे अंधार, फक्त गाडीच्या निळ्या पट्ट्या. तिचं मॅक्सएससीएल (प्रत्येक रंगाचं कमाल मूल्य) असं आहे: लाल ४१०, हिरवा ५२०, निळा ९७६०. हे आकडे दहाने भागले की निट्स मिळतात, म्हणजे ४१, ५२ आणि ९७६. तीच फ्रेम एफएफएमपेगच्या सिग्नलस्टॅट्स फिल्टरमधून काढली तर वायमॅक्स (वाय या सिग्नलचं कमाल मूल्य) ४६३. लिमिटेड रेंज (सिग्नल ६४ ते ९४० या पट्ट्यात) धरून ६४ वजा केले, ८७६ने भागलं, पीक्यू वक्रातून (सिग्नल आणि निट्स जोडणारं सूत्र) उलटं काढलं, तर जेमतेम ५८ निट्स.

हळदीत वेगळीच तऱ्हा. मामांच्या पांढऱ्या झब्ब्याचा भाग क्रॉप करून सरासरी काढली, ७२१ आली. त्याच सूत्राने ९८३ निट्स! मांडवाच्या सावलीतला झब्बा एलईडीच्या गाडीपेक्षा उजळ?

तर प्रश्न असे. फोन मेटाडेटात चुकीचे आकडे लिहितोय, की माझी मोजणी गंडलीय? काळवंडण्याचं कारण मेटाडेटाच आहे हे खात्रीने कसं ठरवायचं? आणि शेवटी दोन्हींची मिळून एक फाईल कशी करू?

फावल्या_वेळात:
एसडीआरमध्ये (साध्या, एचडीआर नसलेल्या व्हिडिओत) रेंडर करा आणि मोकळे व्हा. मामा-मामी निट्स मोजायला बसणार नाहीत.

जुना_व्हीसीआर:
एसडीआरचा सल्ला व्यवहारी आहे, पण धागाकर्त्याला तो पटणार नाही हे प्रश्नाच्या लांबीवरूनच कळतंय.

आधी झब्बा, कारण तो सोपा आहे. आयफोन डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच आणखी एक प्रकार) रेकॉर्ड करतो ते प्रोफाइल ८.४. त्याचा मूळ थर एचएलजी (एचडीआरचा दुसरा वक्र) असतो, पीक्यू नाही. एफएफप्रोबमध्ये कलर ट्रान्स्फर बघा, 'एआरआयबी-एसटीडी-बी६७' दिसेल; तेच एचएलजी. त्याला पीक्यूचं सूत्र लावायचं नाही. लिमिटेड रेंजमध्ये ७२१ म्हणजे बरोबर ७५ टक्के सिग्नल. एचएलजीत पांढऱ्या कागदाची जागा हीच, आणि १००० निट्सच्या पडद्यावर ती २०३ निट्सला पडते. पीक्यूत तोच ७२१ आकडा ९८३ निट्स होतो. एचएलजी सापेक्ष आहे, पडदा बदलला की निट्स बदलतात. पीक्यू निरपेक्ष आहे, १०,००० निट्सपर्यंत. त्यामुळे दोन क्लिपांच्या वायमॅक्सची थेट तुलना करून काही हाती लागणार नाही.

आता निळी पट्टी. सिग्नलस्टॅट्सचा वाय म्हणजे लुमा, तिन्ही रंगांची वजनदार बेरीज. बीटी.२०२०मध्ये (एचडीआरचं रंगमानक) लुमात लाल ०.२६२७, हिरवा ०.६७८० आणि निळा फक्त ०.०५९३ एवढ्या वजनाने येतो. मेटाडेटा मात्र तिन्ही रंगांचं कमाल मूल्य वेगवेगळं लिहितो. मॅक्ससीएलएलसुद्धा लुमावर काढत नाहीत. प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांतला सर्वांत मोठा घेतात.

तुमचेच आकडे घालून बघा. पीक्यूत ४१ निट्स म्हणजे साधारण ०.४२, ५२ म्हणजे ०.४४४, ९७६ म्हणजे ०.७४९. वजनं लावून बेरीज ०.४५६ येते. त्याला ८७६ने गुणून ६४ मिळवले की ४६३-४६४. तुमचा वायमॅक्स! आकडे दोन्हीकडचे बरोबर आहेत, फक्त मोजलेल्या गोष्टी दोन आहेत. गर्द निळ्या, जांभळ्या, लाल दिव्यांत ही तफावत सगळ्यात मोठी दिसते. पांढऱ्या हॅलोजनवर मोजलं असतं तर दोन्ही जवळजवळ जुळले असते.

आणि हे निट्स वरातीतल्या खऱ्या उजेडाचे नव्हेत. फोनने एक्स्पोजर ठरवून जो सिग्नल लिहिला, त्याचे आहेत.

धागाकर्ता:
क्या बात है! बी६७च निघालं. निळ्या फ्रेमचा हिशेबही जुळला. आरजीबीत रूपांतर करून निळा वेगळा मोजला तर ९७०च्या घरात येतोय. म्हणजे मेटाडेटा खरा बोलतोय. मग काळवंडतं का?

दिवेकंदील:
खरं बोलतोय म्हणूनच बहुधा. गाडी नसताना कमाल मूल्य कमी, टीव्हीला काही दाबावं लागत नाही. गाडी शिरली की कमाल एकदम ९७६. पडदा तेवढा उजेड देऊ शकत नसेल तर टीव्ही वक्र वाकवतो आणि मधले सूर खाली येतात, म्हणजे माणसांचे चेहरे. फोन हे चालू शूटिंगमध्ये लिहितो. पुढे काय येणार हे त्याला माहीत नसतं. स्टुडिओत अख्खा शॉट आधी बघून आकडे लिहिता येतात, इथे ती सोय नाही.

तर्कापेक्षा चाचणी घ्या. एचडीआर१०प्लस टूलला 'रिमूव्ह' आहे. ते व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता फक्त मेटाडेटा काढून टाकतं. मूळ आणि ही नवी, दोन्ही त्याच टीव्हीवर त्याच पिक्चर मोडमध्ये लावा. नवीत काळवंडणं थांबलं तर चोर सापडला. तरीही होत असेल तर टीव्हीचं स्वतःचं डायनॅमिक टोन मॅपिंग (दृश्यानुसार वक्र आपोआप वाकवणं) बंद करून बघा. रेंडर केलेली फाईल या तुलनेत घेऊ नका, एडिटरने रंगांचं आणखी काय केलं असेल सांगता येत नाही.

एक खाचखळगा: टूलमधून कच्चा एचईव्हीसी प्रवाह (फक्त चित्र, आवाज नाही) बाहेर पडतो, त्यात फ्रेमच्या वेळा नसतात. फोनचं शूटिंग बहुतेकदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. तसंच एमकेव्हीत भरलंत तर बँजो पुढे आणि नाचणारे मागे. मूळ फाईलच्या टाइमस्टॅम्पची यादी काढून एमकेव्हीमर्जला द्या.

धागाकर्ता:
रिमूव्ह केलेली फाईल लावली. काळवंडणं बंद! पट्ट्यांतला निळा थोडा सपाट झाला, पण चेहरे स्थिर. हीच द्यावी म्हणतो. की रेंडर केलेल्या फाईलमध्ये जुना जेसन परत घालून बघू?

जुना_व्हीसीआर:
नको. इंजेक्ट करताना फ्रेम एकास एक जुळाव्या लागतात. तुम्ही मधले तुकडे कापलेत, वर एडिटरने फ्रेम रेटही स्थिर केला असणार. संख्या जुळली नाही तर टूल तसं सांगतं आणि शेवटी मेटाडेटा पुन्हा पुन्हा लावतं किंवा उरलेला सोडून देतं. म्हणजे कापल्या जागेपासून पुढे प्रत्येक फ्रेमला भलत्याच फ्रेमचे आकडे. त्यापेक्षा मेटाडेटा नसलेलं बरं. क्लिपचं पुढचं-मागचं नकोसं टोक काढायचं असेल तर री-एन्कोड न करता कापा, फक्त काप कीफ्रेमवरच (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) पडेल.

एका फाईलचा नाद सोडा. एचएलजी आणि पीक्यू एकाच प्रवाहात सांधता येत नाहीत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं आणि त्यात हळदीचा डॉल्बी व्हिजन जातो. मामांचा टीव्ही सॅमसंगचा असेल तर तो तसाही डॉल्बी व्हिजन वाचत नाही, खालचा एचएलजी थर दाखवेल. ते चालतं.

धागाकर्ता:
सॅमसंगचाच आहे. मग दोन फाईली: ०१ हळद, ०२ वरात. मामांना रिमोटवर 'पुढचा' दाबता येतो.

फावल्या_वेळात:
पेन ड्राइव्ह एक्सफॅट करा. फॅट३२वर ४ जीबीच्या वरची फाईल बसणार नाही, आणि वरात नक्की त्याहून मोठी असेल.