मदत हवी आहे: भावाची तालीम सुटली, मोबाईल सुटेना (सांगली)

नमस्कार. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय पंधरा, यंदा दहावी. आम्ही सांगलीचे, पप्पांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान.

रात्री दीड-दोनपर्यंत अंथरुणात मोबाईल. गेम, मग रील्स, मग परत गेम. सकाळी उठवायला गेलं की अंगावर येतो. ताट घेऊन खोलीत जातो ते रिकामं ताटच बाहेर येतं. आईनं फोन पिठाच्या डब्यात लपवला, यानं तिथूनही शोधून काढला. अजून चार्जिंगच्या भोकात ज्वारीचं पीठ आहे आणि गडी तसाच वापरतोय. पप्पा म्हणतात, "त्या डबड्यानंच पोरगं वाया गेलं. एकदा आपटून फोडतो."

मला क्रम उलटा वाटतो. गेल्या वर्षापर्यंत हा पहाटे तालमीत जायचा. खांदा निखळला, वस्तादांनी विश्रांती घे म्हणून सांगितलं, आणि नंतर हा गेलाच नाही. जोडीची पोरं आता जत्रेत कुस्त्या मारतात. फोन वाढला तो त्यानंतर. परवा सहज विचारलं तर म्हणाला, "ताई, गेममध्ये मी नसलो तर निदान कोणतरी विचारतंय."

तर याला व्यसन म्हणायचं का? फोन काढून घेतला तर सुधारेल की जास्त बिघडेल? आणि दाखवायचं कुणाला? ("पोरगं काय वेडं आहे का" हे वाक्य आमच्याकडं तयारच आहे.)

जुनाजाणता: एक कानाखाली. आमच्या वेळी हाच इलाज होता.

कडेगावकर: वरच्यांकडं लक्ष देऊ नका. आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. त्यात मोठ्यांच्या मालिकाही आल्या, म्हणून पोरं ऐकतात. पप्पा हातात फोन धरून पोराला रागावत असतील तर काही उपयोग नाही.

समुपदेशक_वाई: ताई, क्रमाचा मुद्दा बरोबर पकडलात. एकटेपणा, उदासी, चिंता यांमुळं मुलं फोनकडं वळतात आणि जागरणानं तीच उदासी वाढते. फोन फोडला तर त्याची उरलीसुरली मित्रमंडळीही जातील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) गेमिंग डिसऑर्डर आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असणं, असं बघतात. लक्षणं तीव्र असतील तर एवढं थांबत नाहीत. इंटरनेटचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. नेटवर त्या व्यसनासाठी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची २० प्रश्नांची चाचणी सापडेल, पण तिच्या गुणांवरून घरी निदान करू नका.

आधी झोप. या वयात ८ ते १० तास लागते. रात्री सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, पप्पांचासुद्धा. खांदा हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा. लढता येत नसेल तरी तालमीत नुसतं जाऊन बसता येतं, वस्तादांशी बोलून बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.

(धागालेखिका): मनापासून आभार. जुनाजाणता काका, कानाखालीही झालीय, त्या रात्री तो तीनपर्यंत जागा होता. खांद्याचं निमित्त चांगलं आहे, त्या नावाखाली पप्पाही दवाखान्यात येतील. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात कुणी दहावीतलं मूल नेलंय का? ओपीडी कोणत्या वारी असते, आणि पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याशी बोलतात का? आमच्यासमोर तो तोंड उघडणार नाही.